नाक आणि नाईक

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की भीमेचा पूल येण्यापूर्वीच पेरणे गावच्या हद्दीत तो दगडी स्तंभ उभा दिसतो. कोरेगावच्या नावाने जगाला माहीत असलेला हा स्तंभ कोरेगावात नाही. तो नदीच्या अलीकडे, हवेली तालुक्यात आहे आणि ज्या गावाच्या गल्ल्यांतून १ जानेवारी १८१८ रोजी दिवसभर लढाई चालली ते कोरेगाव पलीकडच्या तीरावर, शिरूर तालुक्यात आहे. आम्ही या परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन स्तंभापर्यंत जातो. तेथे कोरलेली नावे त्यांना मोठ्याने वाचायला लावतो. एकूण ४९ नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे आणि ती महार शिपायांची नावे होत, हे सांगून आमचा इतिहासाचा तास संपतो. ‘नाक’ हा ‘नायक’ या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे की ‘नाग’ या शब्दाचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही चर्चा आवडते, म्हणून तीही आम्ही करतो.

दोन वर्षांपूर्वी या तासाला एक विद्यार्थिनी म्हणाली, “आमच्यातही नाईकच म्हणतात.” ती रामोशी समाजातली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, केवळ माहिती होती. पण परतताना आमच्या ध्यानात आले की, ‘बलुतं’ हे पुस्तक आम्ही इतकी वर्षे शिकवीत आलो, बलुतेदारीची चौकट फळ्यावर काढून दाखवीत आलो, मात्र त्या चौकटीत रामोशी कोठे बसतो हे आम्ही एकदाही सांगितलेले नाही. प्रस्तुत लेख हा त्या चुकीची थोडीफार भरपाई आहे.

महार आणि रामोशी या दोन समाजांची तुलना करू नये असे आम्हांस काही मित्रांनी सुचविले. एक अस्पृश्य मानला गेलेला, संख्येने मोठा, महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक गावी असलेला. दुसरा संख्येने लहान, पुणे-सातारा भागात अधिक दाट, डोंगराच्या कडेने वसलेला. शिवाय एकाचे पूर्वज कोरेगावी कंपनीच्या पलटणीत लढले, तर दुसऱ्याचा पुढारी कंपनीविरुद्ध बंड करून फाशी गेला. एकास हल्लीच्या वादांत राजनिष्ठेचा टोमणा ऐकावा लागतो आणि दुसऱ्यास आद्य क्रांतिवीराचा हार मिळतो. या दोन वाटा परस्परविरोधी दिसतात खऱ्या. पण महसुली दप्तर उघडले तर हे दोघे एकाच रकान्यात सापडतात. इनामांच्या वर्गवारीत वर्ग ६ ब म्हणजे सरकारउपयोगी कनिष्ठ गावकामगारांची इनामे. त्यांत महार आणि रामोशी शेजारी शेजारी नोंदलेले असतात. आमच्या मते तुलनेची खरी जागा ती आहे, रणांगण नव्हे.

गावगाड्यात या दोघांकडे असलेले काम थोडे तपशिलाने पाहू. महार हा वेसकर होता, सरकारी टपाल आणि सारा पोचविणारा होता, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण टाकणारा होता, मेलेले जनावर ओढून नेणारा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो शिवेचा साक्षीदार होता. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला की महाराने दाखविलेली शीव प्रमाण मानीत. गावाची जमीन कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ज्याच्या शब्दावर ठरे त्यालाच त्या जमिनीवरच्या विहिरीला हात लावता येत नसे. बेदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महाराला बावन्न हक्कांची सनद दिली अशी एक परंपरागत कथा आहे. तिचा ऐतिहासिक आधार काहीही असो, आपले हक्क कोणाच्या मेहेरबानीचे नसून सनदेचे आहेत ही जाणीव समाजाने त्या कथेत जपली, हे महत्त्वाचे.

रामोशी हा गावचा राखणदार. रात्रीची गस्त त्याची, खळ्यावरच्या धान्याची राखण त्याची, चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही त्याचीच. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तेथल्या राखणदाराने तो पुढे न्यावा आणि माग जेथे थांबेल त्या गावाने नुकसान भरून द्यावे, असा रिवाज होता. माग निघाला नाही तर तोशीस रामोशावर येई. म्हणजे हा एका परीने विमाच होता, फक्त हप्ता धान्याच्या रूपाने आणि भरपाई रामोशाच्या कातडीवर. शहरांतही ‘रामोशी ठेवणे’ म्हणजे पहारेकरी ठेवणे असा अर्थ रूढ झाला आणि हा शब्द आंग्ल-भारतीय शब्दकोशापर्यंत जाऊन पोचला. मात्र राखणदाराला राखण देण्यामागची कल्पना सरळ नव्हती. ज्याच्याकडून चोरीची भीती, त्यालाच बांधून घ्यावे, असा तो हिशेब होता. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. गावगाड्याने ते धोरण म्हणून वापरले.

येथे दोघांच्या सामाजिक स्थितीतील खरा फरक दिसतो. महारावर गावाचा विश्वास होता, पण त्याचा स्पर्श गावाला नको होता. रामोशाचा स्पर्श चालत होता, पण त्याच्यावर विश्वास नव्हता. महाराच्या हाती साऱ्याची रक्कम देऊन त्याला कसब्याला धाडीत आणि परत आल्यावर त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतीत. रामोशी वाड्याच्या ओसरीवर निजे आणि सकाळी वाड्यात काही हरवले की पहिली चौकशी त्याचीच होई. या दोन अपमानांपैकी कोणता मोठा, असा प्रश्न आम्हांस कोणी करू नये. अस्पृश्यता हे अमानुषपणाचे टोक होते, त्याची बरोबरी कशाशी होत नाही. पण दोन्ही अपमानांचे परिणाम पुढे वेगवेगळे झाले आणि ते तसे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आता पुन्हा कोरेगावाकडे वळू. शिरूर, म्हणजे घोडनदी, येथे कंपनीची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन तेथून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे पायदळ, अडीच-तीनशे स्वार आणि दोन तोफांसह मद्रास तोफखान्याचे चोवीस गोलंदाज होते. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज होती, ती अठ्ठावीस हजारांपर्यंत सांगतात. प्रत्यक्ष गावात घुसलेल्या तुकड्या त्यामानाने लहान होत्या. दिवसभर झुंज झाली, रात्री पेशव्यांचे सैन्य मागे सरले आणि स्टाँटन आपले जखमी घेऊन शिरूरला परतला. त्याच्या सुमारे सव्वाआठशे माणसांपैकी पावणेतीनशे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. लढाई कोणी जिंकली यावर आजही वाद घालणारे आहेत. आम्हांस त्या वादात रस नाही. आम्हांस विचारावेसे वाटते ते असे की, ही २२ माणसे पलटणीत का होती? याचे उत्तर पगार हे आहे. रोख पगार, ठरलेल्या तारखेस मिळणारा, जातीनुसार न बदलणारा. आणि नोकरी पुरी झाल्यावर पेन्शन. गावात मिळणारे बलुते हे धान्य होते, तेही मागून आणायचे. पलटणीतला पगार मागावा लागत नसे.

यासोबत आणखी एक गोष्ट आली, तिचे मोल त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नसावे. पलटणीत शाळा असत. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षकही होते, हे सर्वश्रुत आहे. गोपाळबुवा वलंगकर हेही पेन्शनर शिपाई. एका समाजाची पहिली साक्षर पिढी गावच्या शाळेत घडली नाही, ती छावणीत घडली. म्हणूनच १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढवय्या जातीं’च्या नव्या सिद्धान्ताने महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा तो घाव केवळ पोटावर नव्हता. ज्यांनी कोरेगावी रक्त सांडले त्यांच्या नातवांना त्याच सरकारने ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगितले. १८९४ साली वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीअर्ज केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरवून अर्ज पाठविले आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांतून कोरेगावचा दाखला दिला जाऊ लागला. म्हणजे स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला खरा, पण त्याच्यावरची नावे वाचली ती त्या नावांच्या वारसांनी, आणि तीही सरकारला त्याच्याच शब्दाची आठवण करून देण्यासाठी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले त्यामागे अर्ज-विनंत्यांची ही तीस-पस्तीस वर्षे होती.

सासवडचे नाव आले म्हणून थोडे थांबू. सासवड म्हणजे पुरंदर तालुका. याच तालुक्यातील भिवडी गावी १७९१ साली उमाजी नाईक यांचा जन्म झाला. पुरंदर किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या रामोशांकडे होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात ती त्यांच्या हातून गेली आणि तिच्याबरोबर उत्पन्नही गेले. कंपनी सरकार आले, गावोगावची जमाबंदी नव्याने झाली, किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. राखणदार रिकामा झाला. उमाजीच्या बंडाकडे आपण स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला अध्याय म्हणून पाहतो आणि १८३१ च्या जाहीरनाम्यातील आवेश पाहता ते सर्वस्वी चूक नाही. पण या बंडाचे मूळ पोटात होते आणि मागणी स्पष्ट होती: आमचे वतन आम्हांला परत द्या.

कंपनी सरकारने काय केले? आधी त्याला पकडण्याचे प्रयत्न केले. ते फसले तेव्हा माफी दिली, इतकेच नव्हे, तर त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे काम त्याच्याचकडे सोपविले. गावगाड्याचा जुना हिशेब, ज्याची भीती त्यालाच बांधून घ्यावे, कंपनीने जसाच्या तसा उचलला. तो फार दिवस टिकला नाही. उमाजी पुन्हा डोंगरात गेला, त्याच्यावर मोठे बक्षीस लागले, १८३१ च्या डिसेंबरात फितुरीने पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने दुसऱ्याच वर्षी रामोशांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रामोशांची कुळे, चालीरीती, त्यांची आपापसांतली खुणेची बोली, सारे त्यात आहे. आज रामोशी समाजाच्या पूर्वेतिहासासाठी आपल्याला जवळजवळ सर्वस्वी या ग्रंथावर विसंबावे लागते. शिकाऱ्याने शिकारीचे चरित्र लिहावे आणि वारसांनी तेच उघडून आजोबांचा शोध घ्यावा, असा हा प्रकार आहे. महारांच्या बाबतीतही ‘द महार फोक’ हे पुस्तक अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याने लिहिले. पण ते १९३८ साली आले, तोवर महार समाज स्वतःची वृत्तपत्रे चालवीत होता. रॉबर्टसनला खोडून काढायला माणसे होती. मॅकिंटॉशला खोडून काढायला कोणी नव्हते.

शिरूर तालुक्यापुरते पाहिले तर रामोशांचे नाव पुन्हा ठळकपणे येते ते १८७९ साली. वासुदेव बळवंत फडके यांनी आपल्या बंडातला पहिला दरोडा घातला तो याच तालुक्यातील धामारी गावी. त्यांचे साथीदार मुख्यतः रामोशी होते. त्याआधीची तीन-चार वर्षे आठवावीत. १८७५ साली भीमथडीतल्या सुप्यापासून सावकारविरोधी दंगे पेटले आणि ते शिरूरपर्यंत पसरले; लगेच पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्य नाही तेव्हा खळे राखणाऱ्याला कोण काय देणार? दंग्यांची चौकशी झाली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो जमीनधारकांसाठी होता. राखणदाराचे कर्ज कोणी मोजले नाही. फडक्यांनी आपल्या आत्मवृत्तात साथीदारांविषयी निराशा व्यक्त केली आहे. त्यांना राज्यापेक्षा लुटीत रस, असा त्या निराशेचा सूर आहे. फडक्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भुकेलेल्या माणसाने भाकरीकडे पाहिले म्हणून त्याच्यावर रुसण्याची सवड ज्याला होती, त्याचे घर वेगळे होते.

येथपर्यंत पाहिल्यास असे दिसेल की निष्ठा आणि द्रोह ही मोजपट्टी दोन्ही समाजांना लागू पडत नाही. ज्यांनी सरकारची चाकरी केली त्यांना सरकारने दार बंद केले. ज्यांनी सरकारशी झुंज घेतली त्यांना सरकारने मध्येच चाकरीत घेतले. दोघेही मागत होते ते एकच, आपल्या कामाचा मोबदला. मात्र विसाव्या शतकात त्यांच्या मागण्या नेमक्या उलट्या दिशांना गेल्या. उमाजीने वतन परत मागितले होते. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते महारांना वतनाच्या जोखडातून सुटता यावे म्हणून. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला चोवीस तासांचा सरकारी नोकर केले होते, तोही जवळजवळ बिनपगारी. वतनाची जमीन पिढ्यागणिक इतकी वाटली गेली होती की एकेकाच्या वाट्याला काकरी येईल की नाही याची भ्रांत. ते विधेयक पुढे गेले नाही. उलट पुढील काळात वतनी जमिनींवरची जुडी वाढविली गेली, त्याविरुद्ध १९३९ च्या डिसेंबरात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद झाली. वतन हा मान नसून बेडी आहे, हे एका मोठ्या समाजाला पटवून देण्यास किती वर्षे लागली असतील याची कल्पना करावी. कारण बेडी म्हटली तरी तिच्यात चार शेर ज्वारी होती.

रामोशी समाजात असे मन्वंतर त्या काळी का घडले नाही? आम्हांस सुचलेली कारणे अशी. महार प्रत्येक गावात होता आणि प्रत्येक गावात त्याच्याशी एकाच प्रकारे वागले जात होते. ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण जितकी क्रूर तितकीच संघटनेला उपकारक ठरली; रत्नागिरीच्या माणसाचे दुःख नागपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागले नाही. शिवाय रेल्वे, गिरण्या, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना यांनी त्याला गावाबाहेरची मजुरी दिली. याउलट रामोशी एकेका गावात दोन-चार घरे असे, विखुरलेला. गावाने त्याला शिवले, देवळाच्या पायरीपर्यंत येऊ दिले, आणि या छोट्या सवलतीने त्याचा आवाज गेला. आपण यांच्यातलेच आहोत असे वाटत राहिले की यांच्याविरुद्ध सभा भरविता येत नाही. त्याच्यावरचा संशय हा प्रत्येकाने एकट्याने सोसायचा होता. पोलीस ठाण्यात माणूस एकटाच जातो. आणि त्याचे पुढारी सरकारने एकेक करून फोडले, माफी देऊन किंवा फासावर चढवून. हा आमचा तर्क आहे, तो कोणी दुरुस्त केल्यास आनंदच होईल.

संशयाला १८७१ साली कायद्याचे रूप मिळाले. गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्वत्र आला. जन्माने गुन्हेगार ही कल्पना आपल्याला जातिव्यवस्थेमुळे अपरिचित नव्हती, तिला आता हजेरीपट आणि अंगठ्याचे ठसे मिळाले. कायद्याखाली नोंदलेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जायचे तर परवाना लागे. परवान्याशिवाय गाव सोडता न येणाऱ्याने गिरणीत नोकरी कशी शोधावी? एकीकडे महारवाड्यातला तरुण मुंबईच्या गाडीत बसत होता आणि दुसरीकडे नोंदलेल्या जमातींतला तरुण गाडीत बसला तर गुन्हा ठरत होता. दौंडचे जंक्शन दोघांनाही सारखेच जवळ होते.

विशेष म्हणजे या दोन व्यवस्था एके ठिकाणी भेटल्याही होत्या. मुंबई सरकारने दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमलेल्या समितीने १९३० साली अहवाल दिला. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते आणि सभासदांत आंबेडकर होते, ठक्करबाप्पाही होते. मागासलेल्यांचे वर्ग पाडून त्यांना वेगवेगळी नावे देण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली तिच्या उगमांपैकी हा एक. वर्ग पाडले की सवलती देणे सोयीचे होते. पण शेजारच्या रकान्यातल्या माणसाशी आपला काही संबंध होता, हे मात्र विसरायला होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली आणि केंद्राने १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतनेही गेली, महारांची आणि रामोशांचीही. जमीन आकारणीच्या काही पटीत रक्कम भरून मूळ वतनदाराला परत मिळायची, पण नव्या शर्तीने; जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना ती विकता येत नाही. या अटीमागचा हेतू रक्षणाचा होता. येथे दूरची एक गोष्ट आठवते. उमाजीला फाशी दिल्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, २४ मार्च १८३२ रोजी, अमेरिकेच्या सरकारने अलाबामातील क्रीक या मूळ रहिवाशांशी कसेटाचा तह केला आणि त्यांची सामाईक जमीन कुटुंबवार तुकड्यांत वाटून दिली. कागद हाती आला, पाठोपाठ दलाल आले, आणि १८३६ पर्यंत ते लोक सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे हाकलले गेले. आमच्याकडे सैन्य आले नाही. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आले आणि ज्या माळांवर कुसळे उगवत त्यांना गुंठ्याचा भाव आला. परवानगीची अट असूनही राज्यात वतनाच्या जमिनी कशा हलल्या हे महसूल खात्यातील माणसे जाणतात. कागद असणे पुरेसे नाही. पण तो असला तर निदान भांडता येते.

आजच्या स्थितीची तुलना करण्याची साधने तोकडी आहेत. १९३१ नंतरच्या शिरगणत्यांत सर्व जातींची मोजणी झाली नाही. अनुसूचित जातींचे आकडे निघत राहिले, विमुक्तांचे निघाले नाहीत. पूर्वाश्रमीच्या महारांनी १९५६ साली आणि त्यानंतर मोठ्या संख्येने बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या शिक्षणाचा, नोकऱ्यांचा, साहित्याचा आलेख अभ्यासकांना काढता येतो. रामोशी महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणले जातात, त्यांना राज्यात विमुक्तांच्या तीन टक्क्यांत वाटा आहे. केंद्रात विमुक्तांची स्वतंत्र यादी नसल्याने ते इतर मागासवर्गात मोडतात. रेणके आयोगाने २००८ साली आणि इदाते आयोगाने २०१७-१८ च्या सुमारास विमुक्त-भटक्यांविषयी अहवाल दिले. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात राजे उमाजी नाईक यांच्या नावाने महामंडळ जाहीर झाले. साहित्यापुरते बोलायचे तर ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि नंतर दलित आत्मकथनांची मालिकाच उभी राहिली. विमुक्त-भटक्यांच्या बाजूने लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके आली. रामोशांना जवळच्या असलेल्या बेरड समाजाचे ‘बेरड’ हे भीमराव गस्ती यांनी लिहिले. भीमथडीच्या रामोशी वस्तीतून आलेले, त्या तोडीने चर्चिले गेलेले आत्मकथन आमच्या वाचनात नाही. कोणास ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.

पहिल्या जानेवारीस पेरण्याला लाखो लोक येतात. २०१८ साली द्विशताब्दीच्या दिवशी तेथे हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून त्या दिवशी आमच्या महाविद्यालयांचे रस्ते पोलिसांच्या अडथळ्यांनी भरतात. ७ सप्टेंबरला भिवडीला उमाजींची जयंती होते, तेथेही गर्दी असते. दोन्ही ठिकाणी जाणारे विद्यार्थी आमच्या वर्गात एका बाकावर बसतात. एकाला स्तंभावरची नावे पाठ आहेत, दुसऱ्याला फाशीची तारीख पाठ आहे. एकमेकांचे मात्र त्यांना काही सांगता येत नाही. ते आम्ही शिकविलेच नाही.

ती विद्यार्थिनी गेल्या वर्षी पुन्हा आमच्याकडे आली होती. तिला जातपडताळणीसाठी पुरावा हवा होता. विमुक्त जातींसाठी तो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. तिच्या घरी सनद नव्हती, सातबारा नव्हता. पणजोबांची जी नोंद असू शकत होती ती पोलीस ठाण्यात, आणि ती मागायला जायचे तिच्या आजीला पटत नव्हते. आजी म्हणाली, त्या वहीत नाव असल्याचे आपण होऊन कशाला दाखवायचे? शेवटी गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर सापडले. त्यात आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव होते, वर्ष १९४७, जात रामोशी. त्याच पानावर वरच्या दोन ओळींत महारवाड्यातल्या दोन मुलांची नावे होती. तिन्ही मुलांपुढे शाळा सोडल्याचे कारण एकाच हस्ताक्षरात लिहिले होते: सतत गैरहजर. आम्ही त्या पानाची प्रत काढून घेतली. तिने वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडून प्रकरण दाखल केले आहे. सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाही.